दोन चाकांचे दिशापरिमाण

व्यापाऱ्याच्या घरात नव्या धंद्याचा विषय सहसा जेवणाच्या ताटावर निघतो, आणि हात धुऊन होईपर्यंत त्याचा वाद झालेला असतो. कोल्हापुरातील शाहूपुरीमध्ये दुचाकीच्या सुट्या भागांचे दुकान चालविणाऱ्या एका कुटुंबात मागील दिवाळीपासून असाच एक वाद चालू होता. मुलाचे म्हणणे असे की, विजेवर चालणाऱ्या सायकलींची एजन्सी घ्यावी. वडिलांचे म्हणणे असे की, पस्तीस वर्षांचे चालते दुकान तारण ठेवून चाळीस लाखांचे कर्ज काढण्याइतकी घाई कशासाठी? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, म्हणूनच वाद मिटत नव्हता.

मुलाची बाजू प्रथम पाहू. विजेवरच्या दुचाकीला इंजिन नसते. त्यामुळे इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, पिस्टन रिंग, क्लच प्लेट, कार्बुरेटर यांपैकी कशाचीच तिला गरज पडत नाही. ज्या दुकानाची निम्मी विक्री याच वस्तूंवर उभी आहे, त्या दुकानाने पुढील दहा वर्षांचा विचार आजच करायला हवा. शिवाय विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, २०२१ साली महाराष्ट्र शासनाचे विद्युत वाहन धोरण आले. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या सायकलीची मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित आहे, तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. शाळकरी मुलापासून साठी उलटलेल्या गृहस्थापर्यंत सगळेच तिचे ग्राहक.

आणि मुलाचा शेवटचा मुद्दा धर्माचा होता. "पप्पा, हिच्यात धूर नाही, आवाज नाही, कोणत्या जीवाला त्रास नाही. आपल्या घराला शोभणारा धंदा याहून दुसरा कोणता?"

वडील या मुद्द्यापाशी नेहमी गप्प होत. त्याचे कारण मुलाला ठाऊक नव्हते.

अखेर जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, वडिलांनी एक अट घातली. करारावर सही करण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस ही सायकल स्वतः चालवून पाहायची. तीही कोल्हापूरच्या सपाट रस्त्यावर नव्हे, तर चढउताराच्या कोकणात. वितरकाने चाचणीसाठी दोन सायकली दिल्या. रत्नागिरीस माल घेऊन निघालेल्या टेम्पोत त्या चढविल्या गेल्या, आणि पितापुत्र आंबा घाट उतरून सायंकाळी रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातील आपल्या नातेवाइकांकडे मुक्कामास पोहोचले.

कोल्हापूरच्या व्यापारी घराण्यांना हा घाट परका नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली आणि ती गुळाची मोठी बाजारपेठ झाली. घाटावरचा गूळ व धान्य खाली उतरत असे, आणि खालून मीठ, नारळ, सुपारी वर चढत असे. आंबा, गगनबावडा, फोंडा हे घाट म्हणजे या पेठेचे जणू दरवाजेच होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या वह्यांत या मालाच्या नोंदी आहेत, अशी घरे शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत आजही सापडतात.

रात्री झोपण्यापूर्वी वडिलांनी कागदावर दुसऱ्या दिवसाची मर्यादा लिहून ठेवली. उत्तरेस मिऱ्या, पश्चिमेस रत्नदुर्ग, दक्षिणेस पावस. यापुढे जायचे नाही. सूर्योदयानंतर निघायचे आणि सूर्यास्तापूर्वी परत येऊन जेवण उरकायचे, कारण दोघांनाही चौविहार. मुलगा हसला. "हे तर दहावे व्रत झाले, पप्पा. देशावकाशिक." वडील म्हणाले, "व्रत म्हण किंवा नियोजन म्हण. बॅटरीला दोन्ही समजतात."

त्या बॅटरीचा हिशेबही त्याच कागदावर मांडला गेला. बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची. म्हणजे तिच्यात ३६० वॅट-तास वीज मावते. चार्जिंगमधील घट धरली तरी एका भरणीला अर्धे युनिटसुद्धा लागत नाही. युनिटचा दर दहा रुपये धरला, तर खर्च सुमारे चार रुपये. कंपनीच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापले होते : एका भरणीत साठ किलोमीटर. ठरविलेला मार्ग अठ्ठावन्न किलोमीटरच्या आसपास होता. चार्जर जड आणि जागा खाणारा, म्हणून दोघांत मिळून एकच सोबत घ्यायचे ठरले.

सकाळी सव्वासातच्या सुमारास, सूर्य नुकताच वर आला असता, दोघे निघाले. नवकारशी व्हायला अद्याप पाऊण तास होता, त्यामुळे पोटात पाणीसुद्धा नव्हते. मिऱ्या बंदराचा रस्ता पहाटेच्या गारव्यात मोकळा होता. नागपूरपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच मिऱ्यापासून सुरू होतो. हजारो किलो माल वाहणाऱ्या त्या मार्गाच्या आरंभबिंदूवर ही दोन हलकी वाहने निःशब्द चालली होती. पायंडल मारावे तसा मोटरचा हलका हात पाठीशी येतो, जणू लहानपणी सायकल शिकविताना कोणी मागून सीट धरली आहे. मुलाने मदतीची पातळी तीनवर ठेवली होती, वडिलांनी एकवर.

मिऱ्याचा किनारा पाहण्यासारखा आहे, पण तो सुखाने पाहण्यासारखा नाही. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत जाकीमिऱ्या व भाटीमिऱ्या ही गावे. पावसाळ्यात समुद्र ही पट्टी खात येतो. त्याला अडविण्यासाठी मोठमोठ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातलेला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' नावाचे एक मोठे जहाज येथेच किनाऱ्याला लागले आणि पुढे कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. लाखो रुपयांचे लोखंड एका रात्रीत अडगळ होते, हे व्यापाऱ्याने पाहून ठेवावे असे दृश्य. आठ वाजून गेल्यावर बंधाऱ्याच्या कडेला बसून दोघांनी खाखरे, मेथीचे ठेपले आणि थर्मासमधील चहा घेतला. वडिलांनी उकळलेल्या पाण्याची बाटली उन्हापासून सांभाळून पिशवीच्या तळाशी ठेवली.

परतीच्या वाटेवर मिरकरवाड्याचे बंदर लागले. मासेमारीच्या होड्या, जाळी, बर्फाच्या गाड्या आणि तो ओळखीचा उग्र वास. जैन घरातील माणसाने अशा ठिकाणाहून नाक दाबून झपाट्याने निघून जावे, ही सहज प्रतिक्रिया. मुलाने तसेच केले. वडील मात्र एका क्षणी थांबले, कारण रस्त्याच्या मधोमध जाळे पसरून एक वृद्ध मनुष्य ते सांधत बसला होता आणि जाळ्यावरून चाक नेणे योग्य नव्हते. त्या वृद्धाने जाळे आवरून वाट दिली आणि सायकलकडे पाहून विचारले, "शेठ, डिझेल लागत नाही ना हिला? आमच्या होडीला अशी मोटर कधी येणार?" डिझेलच्या भावाने तोही बेजार होता. वडिलांनी हात जोडले आणि पुढे झाले. त्याच्या उपजीविकेविषयी त्यांच्या मनात जे होते ते मनातच राहिले. वाट देणाऱ्याला उपदेश देणे हा काही शिष्टाचार नव्हे.

रत्नदुर्ग हा या संपूर्ण प्रदेशाचा मुकुटमणी. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, सुमारे १२० एकरांचा हा किल्ला तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. बहामनी काळात त्याची उभारणी झाली. पुढे तो आदिलशाहीकडे गेला, १६७० साली शिवाजी महाराजांनी तो घेतला, नंतर आंग्र्यांचा अंमल आला, आणि १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती पडला. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे, तर दुसऱ्या टोकाला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेले दीपगृह. तटावर उभे राहिले की एका नजरेत दोन किनारे दिसतात : मिऱ्याकडचा पांढऱ्या वाळूचा, ज्याला गावकरी पांढरा समुद्र म्हणतात, आणि मांडवीकडचा काळ्या वाळूचा, तो काळा समुद्र. काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचे खनिज आहे. एकच समुद्र, एकच भरती. पण मध्ये एक टेकडी आली आणि वाळूचा रंग बदलला.

किल्ल्याच्या चढावर सायकलीचा खरा स्वभाव प्रथम दिसला. मुलगा पूर्ण मदतीवर सरसर वर गेला आणि वर पोहोचून वडिलांची वाट पाहत उभा राहिला. वडील घामाघूम होऊन, पण न उतरता, पाच मिनिटांनी पोहोचले. "पप्पा, मोटर वापरा ना. त्यासाठीच तर दिली आहे." वडिलांनी मीटर पाहिले. मुलाच्या बॅटरीच्या पाच काड्यांपैकी दोन गेल्या होत्या, त्यांची एक.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. माणूस आणि सायकल मिळून वजन शंभर किलो धरले, तर शंभर मीटर उंची चढण्यासाठी निसर्गनियमानेच सुमारे २७ वॅट-तास लागतात. मोटरमधील घट मिळविली की पस्तीसच्या घरात. म्हणजे बॅटरीचा जवळजवळ दहावा हिस्सा एका चढात जातो. उतारावर तो परत मिळत नाही, कारण अशा साध्या सायकलींत ब्रेक लावल्यावर वीज परत भरण्याची सोय सहसा नसते. माहितीपत्रकातील साठ किलोमीटर हे सपाट रस्ता, हलका स्वार आणि किमान मदत गृहीत धरून काढलेले असतात. कोकणात तर किनाऱ्यालगतच्या खलाटीतून सड्यावर चढायचे आणि पुन्हा खाडीला उतरायचे, हाच प्रवास. तेथे साठाचे चाळीस कधी होतात ते कळत नाही.

मांडवीहून पुढे निघाल्यावर भाट्याच्या पुलावरून काजळी नदीची खाडी ओलांडली. लोकमान्य टिळकांचे हे जन्मगाव मागे पडले, आणि त्याबरोबर ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडाही. १८८५ साली राज्य गमावलेला हा राजा दुसऱ्या वर्षी रत्नागिरीत आणला गेला. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली त्याने येथेच देह ठेवला. एका राजाचे दिशापरिमाण दुसऱ्याने ठरविले होते. स्वतः होऊन घातलेली मर्यादा आणि लादलेली मर्यादा यांत हाच भेद आहे; पहिलीत माणूस मोकळा असतो.

भाट्याचा किनारा लांबच लांब, कडेला सुरूचे बन. काही तरुण वाळूवर गाड्या पळवीत होते. मुलालाही मोह झाला. वडिलांनी बोटाने वाळूकडे दाखविले. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांची असंख्य बिळे, आणि प्रत्येक बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी. साधूंच्या ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. गृहस्थाला ते पाळता येत नाही, पण जेथे पाहता येते तेथे तरी पाहावे. वाहन मुके आहे म्हणून अहिंसक होत नाही. ते कोठून नेले जाते, यावर ते ठरते. मुलाने चाक डांबरी रस्त्यावरच ठेवले.

पुढे रस्ता सड्यावर चढला. जांभ्या दगडाचा उघडा माळ, मोहराच्या वासाने भरलेल्या हापूसच्या बागा, आणि डोक्यावर तापत चाललेले ऊन. पावसला पोहोचेपर्यंत एक वाजून गेला होता. स्वामी स्वरूपानंदांचे (१९०३–१९७४) समाधिस्थान असलेले हे शांत गाव. दोघांनी बाहेरूनच नमस्कार केला आणि सावलीत डबा उघडला. अडतीस किलोमीटर झाले होते. मुलाच्या बॅटरीची शेवटची काडी लुकलुकत होती. वडिलांच्या दोन काड्या शिल्लक होत्या.

जवळच्या एका किराणा दुकानदाराने विजेची जोडणी दिली, पैसे विचारल्यावर तो म्हणाला, "पंख्याइतकी तर वीज. त्याचे काय पैसे घ्यायचे?" चार्जर एकच, म्हणून मुलाची बॅटरी लावली. पूर्ण भरायला साडेचार तास. दोन तास मिळाले तरी परतीचे निभले असते. पण चाळीस मिनिटांत गावाची वीज गेली. दुकानदाराने हात झटकले, "आता संध्याकाळीच." बॅटरीत पन्नासेक वॅट-तास पडले होते, म्हणजे सात-आठ किलोमीटरची बेगमी.

अशा वेळी माणूस दोन प्रकारे वागतो. एक तर घाबरतो, नाहीतर आणखी धाडस करतो. मुलाचे मन दुसरीकडे धावले. पावसपुढे पूर्णगड आणि त्याच्याजवळ गावखडीचा किनारा. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात आणि गावकरी त्यांच्या घरट्यांची राखण करतात. "इतक्या जवळ आलोच आहोत, तर पाहून येऊ. संध्याकाळी वीज आली की भरू आणि रात्री परतू." जीवदयेचेच काम ते, वडील नाही म्हणणार नाहीत, असा त्याला भरवसा होता.

वडिलांनी खिशातील कागद काढला आणि 'दक्षिणेस पावस' या शब्दांवर बोट ठेवले. "कासवे पुढच्या वर्षीही येतील. आजची हद्द येथे संपते." मुलगा चिडला. हद्द आपणच घातली, मग आपणच वाढविली तर बिघडले काय, असे त्याने विचारले. वडिलांचे उत्तर असे होते : "धंदा बुडतो तो पहिल्या कर्जाने नाही, हद्द आपलीच आहे म्हणून वाढविलेल्या दुसऱ्या कर्जाने बुडतो."

सव्वातीनला ते परत फिरले. पावसचा चढ मुलाने मोटरवर काढला आणि सड्यावर येताच मीटर विझले. आता हाती उरली ती पंचवीस किलोंची मुकी सायकल. साध्या सायकलीपेक्षा कितीतरी जड. वडील थांबले आणि आपली बॅटरी काढू लागले. मुलाने त्यांचा हात धरला. "तुमची शिल्लक तुमच्याकडेच असू द्या." आणि तो पायंडल मारू लागला. सडा सपाट होता तोवर ठीक होते. उतार सुखाचा गेला. भाट्याचा पूल ओलांडताना समोरून वारा आला आणि मांड्या भरून आल्या. गावात शिरल्यावर मारुती मंदिराकडचा चढ लागला, तेव्हा तो खाली उतरला आणि सायकल ढकलू लागला. मागे वळून पाहतो तो वडीलही उतरून चालत होते, त्यांच्या बॅटरीत एक काडी शिल्लक असताना.

"तुम्ही कशाला उतरलात?"

"चढ ओढणाऱ्यालाच कळतो," वडील म्हणाले, आणि दिवाळीपासून जे बोलले नव्हते ते बोलू लागले.

घराण्याचा मूळ धंदा सुट्या भागांचा नव्हे, बैलगाड्यांचा होता. मुलाच्या आजोबांच्या आठ गाड्या शाहूपुरीहून गूळ घेऊन याच रत्नागिरीस येत आणि मीठ-नारळ घेऊन परत जात. गाड्या भाड्याने दिल्या जात. आजोबा पेढीवर बसून वही लिहीत. एकदा हिशेबाच्या काही तंट्यामुळे ते स्वतः गाडीबरोबर निघाले. आंबा घाटाच्या चढावर मिठाच्या पोत्यांनी लादलेल्या गाडीचा एक बैल गुडघ्यावर बसला. गाडीवानाने पराणी टोचली, शेपटी पिरगाळली. बैल उठला नाही. आजोबांनी पोती उतरविली, रात्रभर तेथेच बसून राहिले, आणि कोल्हापूरला आल्यावर तो बैल पांजरपोळात पोहोचविला. त्यानंतर त्यांनी बारा व्रते घेतली. श्रावकाच्या सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत शकटकर्म म्हणजे गाड्यांचा व्यवसाय आणि भाटककर्म म्हणजे वाहने-जनावरे भाड्याने देणे, ही दोन नावे त्यांनी स्वतःच्या वहीवर लिहून ठेवली. गाड्या मोडल्या, बैल विकले नाहीत, शेतकरी नातलगांकडे सांभाळायला दिले, आणि सायकलीच्या सुट्या भागांचे लहानसे दुकान घातले. घरात दोन वर्षे ओढग्रस्तीची गेली.

"मग ही सायकल चांगलीच ना? हिला बैल नाही," मुलगा म्हणाला.

"बैल नाही हे खरे. पण त्याच यादीत स्फोटकर्मही आहे. जमीन फोडण्याचे, खाणीचे काम. या बॅटरीतले लिथियम कुठल्या तरी देशात जमीन फोडूनच निघते. आणि चढ कुणीतरी ओढतोच; आपल्याला दिसत नाही इतकेच. मी तुला धंदा करू नको म्हणत नाही. पेट्रोलच्या गाड्यांचे भाग मी पस्तीस वर्षे विकले, मी कोणत्या तोंडाने म्हणू? फक्त यात हिंसा नाहीच, असे सांगून विकू नको. कमी आहे, असे सांग. आणि साठ किलोमीटर जाते, असे तर मुळीच सांगू नको."

मुलगा पुढचे शंभर पावले काही बोलला नाही. साठ किलोमीटर हा आकडा त्याने दिवाळीपासून घरात, मित्रांत, वितरकाच्या बैठकीत शेकडो वेळा उच्चारला होता. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत कूटतुला-कूटमान आहे, खोटी तागडी आणि खोटे माप. आपल्या पेठेत तागडी खोटी ठेवणाऱ्याकडे लोक कशा नजरेने पाहतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. माहितीपत्रकावरचा आकडा हेही मापच असते, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नव्हते.

पावणेसहाला दोघे घरी पोहोचले. सूर्यास्ताला अर्धा तास होता. गरम मूगडाळ-भात वाढलेला होता. मुलाला घास उचलायलाही हात जड वाटत होता, पण चौविहार निभला.

कोल्हापूरला परतल्यावर पुन्हा कागद मांडला गेला. या वेळी दोघांनी मिळून. विजेचा खर्च किलोमीटरला दहा पैसे, हे सगळेच सांगतात. पण बॅटरी सहाशे वेळा भरून टिकली आणि दरवेळी पस्तीस किलोमीटर गेली असे धरले, तर तिचे आयुष्य एकवीस हजार किलोमीटर. नवी बॅटरी बारा हजारांना पडली, तर झीज किलोमीटरला सत्तावन्न पैसे. म्हणजे खरा खर्च दहा नव्हे, सदुसष्ट पैसे. पेट्रोलच्या दोन रुपयांहून अधिक खर्चापुढे तोही कमीच आहे. मग खरे सांगायला भीती कशाची? कर्जाचेही तसेच. चाळीस लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाला चार लाख व्याज, म्हणजे महिन्याला तेहेतीस हजारांवर. एका सायकलीमागे तीन हजार सुटले, तर पहिल्या बारा सायकली केवळ व्याजाच्या. दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, मुद्दल यांचा विचार त्यानंतर. नव्या धंद्यात महिन्याला बारा सायकली विकल्या गेल्या नाहीत की विक्रेता साठ किलोमीटर सांगू लागतो. खोटे माप बहुधा लोभातून येत नाही, हप्त्यातून येते. कर्ज घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही ही गोष्ट लक्षात ठेवावी.

शेवटी एजन्सीचा करार झाला नाही. दुकानाचे तारण राहिले नाही. सहा सायकली स्वतःच्या पैशाने घेऊन दुकानाच्या एका कोपऱ्यात मांडल्या गेल्या. वर्षभर त्यांचा हिशेब पाहून पुढचे ठरवायचे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा प्रत्येक ग्राहकाची जुनी बॅटरी दुकानाने परत घ्यायची आणि उत्पादकाकडे पोहोचवायची, ही अट मुलाने स्वतः घातली. त्याचा खर्च त्याने नफ्यातून वजा केला. नफा अडीच हजारांवर आला. वडिलांनी काही म्हटले नाही.

सायकलींजवळ मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली एक पाटी आहे : सपाट रस्त्यावर पंचेचाळीस, चढावर पस्तीस, पूर्ण मदत घेतल्यास त्याहून कमी. शेजारच्या दुकानात तेच वाहन साठ किलोमीटरचे म्हणून विकले जाते. पहिल्या महिन्यात दोन सायकली गेल्या. तिसरा ग्राहक पाटी वाचून शेजारी गेला, आणि आठ दिवसांनी सायकल शेजारून घेतल्यावर खरे अंतर किती जाते हे विचारायला याच दुकानात परत आला. मुलाने त्याला खुर्ची दिली आणि मदतीची पातळी एकवर कशी ठेवावी, ते समजावून सांगितले.

त्या महिन्याच्या वहीत विक्री दोन इतकीच नोंद आहे.